बेटावरची विहीर आणि सासऱ्याची सब्बल

किसननं चहाचा मग माझ्यापुढं धरला आणि म्हणाला, "हवालदार, दूध फाटलं."

"दुसरा डबा फोड."

"हा दुसराच होय."

मी मग हातात घेतला. वर दुधाच्या गाठी तरंगत होत्या. एक घोट घेतला आणि तोंड वाकडं न करता गिळला, कारण समोर पाक सालेह उभा होता. हा त्या गावचा मुखिया. नेहमीसारखा हसत होता. त्याच्या मागं गावातल्या बाया रिकामी मडकी घेऊन उभ्या होत्या. आदल्या संध्याकाळी याच लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या होत्या. आणि आता माझ्या नव्याकोऱ्या विहिरीच्या पाण्याचा चहा लोणच्याची बरणी विसळून प्यावी तसा लागत होता.

"सुरुंगाच्या दारूची चव असंल," मी म्हणालो.

किसन अमडापूरचा. फौजेत माझ्या हाताखाली, पण जिल्हावाला म्हणून तोंड सुटलेलं. तो म्हणाला, "सुरुंगाच्या दारूत मीठ कवापासून टाकून राह्यले?"

आता मी कोण आणि समुद्रातल्या त्या बेटावर काय करत होतो, हे सांगितलं पाहिजे.

मी देऊळगाव राजाच्या अंगचा, खडकपूर्णेच्या काठचा. आमच्या घरात विहिरी खोदायचं काम. बापानं केलं, चुलत्यांनी केलं, मिसरूड फुटायच्या आत मीही केलं. आमच्या बुलढाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. आम्ही घाटावरचे. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा खडक. विहिरीची खोली आम्ही पुरुषांत मोजतो; एक पुरुष म्हणजे हात वर करून उभा राहिलेला माणूस. चार पुरुषांवर पाणी लागलं नाही तर पाच, पाचावर नाही तर सहा. खडक आडवा आला तर सब्बलीनं, म्हणजे पहारीनं, भोक पाडायचं, त्यात दारू ठासायची, वात पेटवायची आणि पळायचं. यालाच सुरुंग म्हणतात. पाणी कमी पडलं की आणखी खाली जायचं, एवढं आमचं शास्त्र. ते मला तोंडपाठ होतं आणि त्यापलीकडं जगात काही शिकण्यासारखं असेल असं कधी वाटलं नाही.

लढाई सुरू झाली तेव्हा फौजेला असलेच लोक पाहिजे होते. मी सॅपर झालो. सॅपर म्हणजे फौजेतला बांधकाम्या. पूल, रस्ते, धक्के, पाणी, सगळं त्याच्या गळ्यात. वाचता येत होतं, आवाज मोठा होता, म्हणून हवालदार झालो. दंडावर तीन फिती आल्या. त्या आल्यापासून मी जरा जास्तच सरळ चालायला लागलो, असं किसन सांगतो.

जहाजावर चढायच्या आधी मला लग्नाची सुटी मिळाली होती. बायको घाटाखालची, पूर्णेच्या पलीकडल्या गावची. घाटावरच्या माणसाला घाटाखालच्यांबद्दल उगीच एक तोरा असतो, आणि मी तर वर्दीतला नवरदेव. सासऱ्यांच्या वाडग्यात, म्हणजे घरामागच्या आवारात, एक विहीर होती. विहीर कसली, वाकून तांब्या बुडवावा इतकी उथळ. गावात एकदोन चांगल्या खोल विहिरीही होत्या, पण त्या काटे टाकून बंद केलेल्या. का केल्या ते मी विचारलं नाही. मला वाटलं, आळशी लोक, गाळ काढायचा कंटाळा.

मी सगळ्या पंगतीसमोर सासऱ्यांना सांगितलं, "मामाजी, लढाईवरून परत आलो की तुमच्या विहिरीला दोन सुरुंग लावून देतो. चांगली पाच पुरुष खाली नेतो. मग बघा पाणी."

सासरे म्हणाले, "हाव जावईबापू, पाहू नं." आणि वाढप्याला माझ्या पानात आणखी बुंदी टाकायला सांगितली.

मी ते हो धरून जहाजात बसलो.

जपान्यांनी शस्त्रं खाली ठेवल्यावर आमची कंपनी सुमात्राला उतरली. तिथून आम्हा मोजक्या लोकांना लाँचमधून एका लहान बेटावर पाठवलं. काम साधं होतं. तिथला लाकडी धक्का मोडून पडला होता, तो नवा बांधायचा, म्हणजे धान्य आणि औषधं घेऊन येणारी लाँच लागू शकेल.

बेट एवढुसं. एका टोकाला उभं राहून हाक मारली तर दुसऱ्या टोकाला ऐकू जावी. सगळी पांढरी रेती आणि नारळ. गाव बेटाच्या मधोमध, घरं लाकडी खांबांवर उचललेली, खाली कोंबड्या. जपान्यांनी तिथं काही शिल्लक ठेवलं नव्हतं. तरणे पुरुष वेठीला नेलेले, त्यातले पुष्कळ परत आले नव्हते. होड्या नेलेल्या, उरली होती ती एक फुटकी, तीही सांधून सांधून तरंगवलेली. कापड तर बघायला नाही. बाया गोणपाट गुंडाळून असत, म्हातारे झाडाची साल ठोकून केलेलं काहीतरी नेसत. आमच्या तंबूचं फाटकं कापड एका घराला दिलं तर दुसऱ्या दिवशी त्याचे तीन पोरांना सदरे झालेले दिसले.

तांदूळ दिसत नसे. एका ताडासारख्या झाडाचा गाभा किसून, धुऊन, त्याचं पीठ काढत आणि तेच दोन्ही वेळा खात. तो साबुदाण्याचाच ऐवज, हे किसननं पहिल्या दिवशी ओळखलं. तो माळकरी, मासळी खायचा नाही, म्हणून त्याचं सगळं लक्ष त्या पिठावर.

"हवालदार," तो म्हणाला, "या गावाले रोजच एकादशी हाय."

पण पाहुणचाराला कमी नाही. पाक सालेहनं स्वतःचं घर आम्हाला दिलं आणि आपली म्हातारी आई, सून आणि तिचं चार दिवसांचं बाळ घेऊन शेजारच्या खोपटात गेला. त्याचा मुलगा वेठीवरून यायचा बाकी होता. मी सुमात्राच्या बाजारात मोडकीतोडकी मलायी बोली शिकलो होतो. विचारलं, "आम्ही इथं राहिलो तर चालेल?"

"बोलेह," तो म्हणाला. म्हणजे चालेल.

दोन नारळ तोडले तर? बोलेह. धक्क्यासाठी तुझ्या मशिदीमागचं लाकूड घेतलं तर? बोलेह. असा समजूतदार मुखिया मी पाहिला नव्हता. जपान्यांनी होड्या मागितल्या तेव्हा काय म्हणालास, असंही एकदा मी विचारलं. तो हसून म्हणाला, "बोलेह." मला त्याची फार कीव आली. एवढं ऐकूनही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही, हे मात्र लिहून ठेवतो.

गावाला गोड्या पाण्याची विहीर एकच. नारळीच्या मधोमध, कमरेइतकी खोल, भोवती समुद्री दगडाचं कडं. वर झावळ्या झाकलेल्या. बाया लांब काठीला बांधलेल्या करवंटीनं वरचं वरचं पाणी हळूच काढत, जसं आमच्याकडं दुधावरची साय काढतात. बादली कोणी आत टाकत नसे. मला वाटलं, बिचाऱ्यांकडं बादली नाही. पाणी दिवसातून आपोआप थोडं चढे, थोडं उतरे. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर ते हलत होतं. पण मी खडकपूर्णेचा, मला भरतीचं काय माहीत. मी गुडघ्यावर बसून, पाण्याला कान लावून निदान केलं.

"किसन, खाली जिवंत झरा आहे. जबर आहे."

"मंग हे लोकं कटोऱ्यानं पानी काऊन काढून राह्यले?"

"अडाणी आहेत."

किसनलाही पटलं. तोही घाटावरचाच.

तशात कप्तान साहेब लाँचनं धक्का पाहायला आले. आमच्याशी हिंदुस्थानीत बोलत. मी सलाम ठोकून म्हणालो, "साहब, इनका कुआं तो कटोरा है. इजाजत हो तो हम पाच पुरुष नीचे ले जाएंगे."

साहेब घाईत होते. विचारलं, "तुमको पक्का मालूम है?"

"साहब, कुआं हमारे खून में है."

"गाव वाले राजी हैं?"

मी पाक सालेहला बोलावलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, विहीर खोल केली तर चालेल? तो हसला, जरा थांबला, माझ्याकडं पाहिलं, साहेबांकडं पाहिलं.

"बोलेह," म्हणाला.

काम सुरू करायच्या सकाळी पाक सालेहची आई विहिरीच्या कड्यावर येऊन बसली होती. आम्ही फावडी घेऊन आलो तरी उठेना. मला वाटलं, म्हातारीला काम बघायची हौस. मी तिला नमस्कार केला. तिनं माझ्याकडं पाहिलंही नाही. शेवटी पाक सालेह आला, तिच्याशी खालच्या आवाजात काही बोलला, तिला हाताला धरून घरी घेऊन गेला आणि परत येऊन हसत उभा राहिला.

आम्ही पंप लावला, वरचं पाणी उपसलं आणि खोदायला लागलो. रेती, मग कवड्या-शिंपल्यांचा चुरा, मग सब्बल टणकन वाजली. तो आवाज ऐकून मला घरी आल्यासारखं वाटलं. खडक! वर्षा-दोन वर्षांत पहिल्यांदा मला ओळखीचं कोणी भेटलं होतं. खरं तर तो प्रवाळाचा थर होता, समुद्रातल्या जिवांच्या हाडांचा बनलेला. किसननं हातात तुकडा घेऊन म्हटलंही, "हा आपला खडक नोहे, हलका लागते." मी म्हणालो, खडक तो खडक. भोक पाडलं, दारू ठासली, गावाला लांब नेलं, वात पेटवली.

असा सुरेख सुरुंग मी जन्मात लावला नाही. थर मधोमध फाटला आणि पाणी असं उसळलं की आम्ही काठावर भिजलो. बघता बघता दोन पुरुष पाणी. मी पागोटं फेकायचा राहिलो, कारण डोक्यावर फौजेची टोपी होती. किसननं नारळ फोडला. गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. पाणी गढूळ होतं, म्हणून कोणी तोंडाला लावलं नाही. निवळू द्यावं, सकाळी चहा करू, असं ठरलं.

सकाळच्या चहाचं सांगितलंच आहे.

आता शहाणा माणूस तिथं थांबला असता. मी म्हणालो, "सगळं उपसा. वरचं खराब पाणी निघून गेलं की गोडं येईल." दिवसभर पंप चालला. जितकं उपसावं तितकं जास्त खारं. मी दर थोड्या वेळानं चाखत होतो आणि "फरक पडतोय" म्हणत होतो. तिसऱ्या प्रहरी विहिरीच्या कडेनं एक खेकडा वर आला. समुद्राचा. तो आमच्याकडं पाहत आरामात निघून गेला.

किसन म्हणाला, "हवालदार, याले तरी इचारा, गोडं पानी कुठं हाय."

मी त्याच्या अंगावर ओरडलो. ओरडलो आणि मग पंप बंद केला. कारण बाया अजून तिथंच उभ्या होत्या. सकाळपासून मडकी रिकामी. त्यांच्यात पाक सालेहची सून होती, कुशीत ते तांबडं बाळ. पुढच्या बेटावर पाणी होतं म्हणे, पण ती एक फुटकी होडी गावाच्या पाण्याचं ओझं सोसणारी नव्हती. आमच्या ताडपत्रीच्या टाकीत आमच्यापुरतं पाणी होतं, ते मी तेव्हाच गावाला वाटून टाकलं. ते गावभर वाटून किती पुरणार? मग शहाळी. पण शहाळ्यांवर गाव किती दिवस जगतं? जपान्यांनी या लोकांचं सगळं नेलं होतं, पाणी तेवढं सोडलं होतं. ते मी नेलं. त्या दिवशी मला स्वतःचा जेवढा राग आला तेवढा पुढं कधी कोणाचा आला नाही.

त्या फुटक्या होडीतून निरोप गेला आणि लाँच आली. पिंपांत पाणी आणि पुढं कप्तान साहेब. त्यांनी विहिरीत वाकून पाहिलं, बोट बुडवून चाखलं.

"हवालदार, तुमने कुआं खोदा या समंदर?"

मी सावधान उभा.

मग त्यांनी काठीनं रेतीत चित्र काढून समजावलं. साहेब इंजिनियर होते, त्या दिवशी घाई नसती तर आधीच समजावलं असतं. अशा बेटावर झरा-बिरा काही नसतो. पावसाचं पाणी रेतीत मुरतं. खाली सगळीकडून समुद्राचं पाणी शिरलेलं असतं. गोडं पाणी हलकं, खारं जड. म्हणून गोड्याचा पातळ थर खाऱ्यावर नुसता तरंगत राहतो. वरचं वरचं काढलं तर वर्षभर पुरतं. खोल गेलं, किंवा पंपानं ओढलं, की खालचं खारं वर येतं. मी दोन्ही केलं होतं. वर मधला प्रवाळाचा थरही फोडला होता, म्हणजे समुद्राला दार करून दिलं होतं.

"अब?" मी विचारलं.

"धक्के का सिमेंट इधर डालो. दार बंद करो."

"और धक्का?"

"बाद में. और सुनो. कंपनी इस महिने जहाज पे चढ़ेगी. तुम नहीं. जब तक यहां पानी मीठा नहीं होता, तुम इधर के आदमी हो."

घरी जायचं तिकीट गेलं. किसन म्हणाला, मीही राहतो. त्यानं का म्हटलं ते तेव्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही.

आम्ही फाटलेला थर सिमेंटनं बुजवला. वर रेती भरली. विहीर पुन्हा कमरेइतकी केली. जेवढा घाम मी विहीर खोदताना गाळला नाही तेवढा बुजवताना गाळला. पण जुनी विहीर पाऊस पडून थर पुन्हा बसेपर्यंत काही कामाची नव्हती, आणि पाऊस लांब होता. लाँच नेहमी येईल याचा भरवसा नाही. समुद्र खवळला की ती फिरकत नसे, आणि तो त्याच आठवड्यात खवळला. पिंपं तळाला गेली.

त्या दुपारी मी नारळीच्या सावलीत डोकं धरून बसलो होतो. समोर नुसती पांढरी रेती. आणि मला खडकपूर्णेची रेती आठवली. उन्हाळ्यात नदी आटली की आई पात्रात जायची आणि हातानं रेती उकरून झिरा करायची. झिरा म्हणजे वीतभर खोल खळगा. त्यात पाणी पाझरायचं. आई बसून राहायची, निवळलं की वाटीनं वरच्यावर भरायची, आणि एका झिऱ्याला फार ओरबाडायची नाही, दुसरा उकरायची. मी मोठा झाल्यावर तिला म्हणायचो, "आई, घरात सगळे विहीरवाले आणि तू मांजरासारखी रेती काय उकरतीस?" ती म्हणायची, "तुमची विहीर लागेस्तोवर प्यायला लागतं ना, बाबा."

मी उठलो. जेवायची ताटली घेतली आणि नारळीत गुडघ्यावर बसून उकरायला लागलो. कडेला उकरलं, खारं. जरा आत सरकलो, मचूळ. किसन दुसरीकडं उकरायला लागला. वर्दीतले दोन जण गुडघ्यावर रांगत रेती खाजवताहेत म्हटल्यावर पोरं गोळा झाली. मग पाक सालेहची आई आली. इतके दिवस तिनं माझ्याकडं पाहिलं नव्हतं. आता कंबरेवर हात ठेवून पाहिलं, आणि बोळकं उघडून हसली. हसून हसून खाली बसली. मग माझ्या शेजारीच करवंटीनं उकरायला लागली.

संध्याकाळपर्यंत बेटाच्या पोटात सगळीकडं झिरे झाले. सॅपर आणि बाया सारखेच रेतीनं माखलेले. एकेका झिऱ्याला करवंटी-दोन करवंट्या पाणी, पण गोडं. बाळंतिणीला पहिली करवंटी दिली. ती प्यायली आणि तिनं ती माझ्यापुढं धरली, तळाशी थोडं ठेवून. मी ते प्यालो. मला रडू आलं. किसननं पाहिलं आणि दुसरा झिरा उकरायला लागला.

त्या झिऱ्यांवर गाव पावसापर्यंत निभावलं. धक्का आम्ही दरम्यान पुरा केला. पुढं पाऊस लागला, जुनी विहीर हळूहळू निवळली. एका सकाळी पाक सालेह करवंटी घेऊन माझ्याकडं आला. पाणी गोडं होतं. किसननं लगेच चहा टाकला; दूध फाटलं नाही.

निघताना मी पाक सालेहला विचारलं, "तुला माहीत होतं. मग मला नको का म्हणाला नाहीस?"

तो नेहमीसारखा हसला आणि माझ्या दंडावरच्या तीन फितींवर बोट ठेवलं. त्यात राग काही नव्हता. मी मात्र जहाजावर चढल्यावर पहिल्यांदा सदऱ्याच्या बाह्या फिती झाकतील अशा दुमडून घेतल्या.

घरी आलो तो नेमका अधिकमास. आमच्याकडं याला धोंड्याचा महिना म्हणतात. जावयाला बोलावून पुरणाचे धोंडे खाऊ घालतात. सासऱ्यांचं बोलावणं आलं. मी बायकोला घेऊन घाटाखाली उतरलो.

सासरे वेशीपर्यंत घ्यायला आले. पण मला त्यांचा चेहरा उतरलेला वाटला. पाहुणचार चोख होता, पण घरातलं वातावरण कोणी आजारी असावं तसं. मेहुणे माझ्या ट्रंकेकडं सारखे बघत होते. जेवायला बसलो तरी सासरे घास चिवडत होते. म्हटलं, गप्पा माराव्यात, म्हणजे सैल होतील. म्हणून मी बेटाची गोष्ट काढली. खेकड्यापर्यंत आलो तेव्हा आतल्या दारामागून हसण्याचा आवाज आला. झिऱ्यांचं सांगितलं तेव्हा सासरे जेवायचे थांबले.

"म्हंजे जावईबापू," ते जपून म्हणाले, "खोल गेलं का खारं लागते?"

"खोल गेलं की खारं. वरचं तेवढं गोडं."

"मंग आपली वाडग्यातली हिर?"

मला तोपर्यंत आठवणही नव्हती. मी ताटावरून वर पाहिलं. सगळं घर माझ्याकडं पाहत होतं. उथळ विहीर, काटे टाकलेल्या खोल विहिरी, "पाहू नं", आणि बुंदी. एकेक गोष्ट डोक्यात जागेवर बसायला लागली.

"मामाजी," मी विचारलं, "या खोल विहिरींचं पाणी कसं आहे?"

"खारं," सासरे म्हणाले. "हा सारा खारपानपट्टाच हाय, बापू. पूर्णेच्या या अंगाले वरतं गोडं, खालतं मीठ. आज्यापंज्यापासून कोनी खोल जात नाही. ज्यायनं खोदल्या त्यायनं काटे टाकले."

"मग लग्नात मला का नाही सांगितलं?"

सासऱ्यांनी मान खाली घातली. उत्तर दारामागून बायकोनं दिलं.

"जावयाले नाही कसं म्हनाव? तुमी लढाईवर होते तं बाबा तुमी सुखरूप या म्हून रोज दिवा लावत होते. अन् तुमी येऊन राह्यले असं कळलं तवापासून गावातल्या साऱ्या सब्बली लपवून ठेवल्या."

"सब्बली?"

"कडब्याच्या गंजीत हायेत," धाकटा मेहुणा म्हणाला आणि सासऱ्यांनी त्याच्याकडं डोळे वटारले.

मी हसायला लागलो. मग सासरे हसले, मग घरभर. सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं माझ्या पानात धोंडा वाढला आणि म्हणाले, "जावईबापू, आज जेवन गोड लागलं." मला मात्र तो धोंडा गिळताना पाक सालेहचं बोट दंडावर जाणवत होतं. समुद्र ओलांडून, एक गाव तहानेनं मारायच्या बेताला आणून जे शिकलो, ते लग्नाच्या पंगतीत बुंदीचा घास थांबवून विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारणार कोण? मी सांगत होतो.

पुढं मला जिल्ह्यातच विहिरींचा ओव्हरसियर म्हणून नोकरी लागली. सायकल, खाकी टोपी, सरकारी माणूस. कुठल्याही गावात गेलो आणि विचारलं की इथं विहीर खोल करायची का, तर पाटलापासून सगळे म्हणतात, "हाव साहेब, करू नं." मी ते कानावर घेतो आणि सोडून देतो. मग म्हणतो, "जरा एक सब्बल आणता का?"

लगेच आणली तर कामाला लागतो. गावभर शोधूनही सब्बल सापडत नाही म्हणाले, की चहा पितो आणि सायकलवर बसतो.